लाल टोपणाची सिरिंज

"म्हाताऱ्यांचं औषध आहे रे ते, त्याला काय घाबरायचं?"

गच्चीवर दादाचा मित्र बोलत होता. मी दोरीवरचे कपडे काढत होते. ते दोघे पाण्याच्या टाकीमागे सावलीला बसले होते, त्यामुळे मी त्यांना दिसत नव्हते. दादा हसला. "घाबरतो कोण? फक्त नानांना कळायला नको." मग मित्राने जिमच्या सरांचं म्हणणं सांगितलं. झटकेवालं इन्सुलिन घेतलं की माणूस जिममध्येच आडवा होतो. घ्यायचं तर लांबवालं घ्यायचं. ते हळूहळू चढतं, दिवसभर पुरतं, कळतही नाही. एकदम सेफ.

मी कपडे छातीशी धरून जिना उतरले आणि स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज उघडला.

आमच्या फ्रिजच्या दारात अंड्यांचा जो कप्पा असतो त्यात नानांचं इन्सुलिन असे. नाना म्हणजे आमचे वडील. मधुमेह त्यांना मी शाळेत होते तेव्हापासून. घरात अंडी यायला लागली ती दादा जिमला जायला लागल्यावर, आणि तोवर कप्पा नानांच्या बाटलीचा झालेला होता, म्हणून अंडी खाली पातेल्यात. त्या दिवशी मी बाटली उजेडात धरून पाहिली. नानांना ती जेवढे दिवस पुरायची तेवढे दिवस अलीकडे पुरत नव्हती. आई मेडिकलवाल्याला नावं ठेवायची, की तो कमी भरलेल्या बाटल्या देतो. बाटली कंपनीतून बंद होऊन येते, हे मी तिला एकदा सांगितलं होतं. त्यापुढे मी काही बोलले नव्हते.

मी फारसं बोलत नाही. इंग्रजी शाळेत शिकले, आणि कुठलंही वाक्य मनात आधी नीट लावून मग तोंडातून काढायची सवय तिथे लागली, कारण चुकलं की वर्ग हसायचा. घरी मराठी बोलतानाही ती सवय सुटली नाही. माझं वाक्य तयार होईपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असतं. दादाही सुरुवातीला त्याच शाळेत होता. तो नापास झाला आणि त्याला मराठी शाळेत घातलं, मी राहिले. तेव्हापासून तो मला मॅडम म्हणतो. पाइपच्या कंपनीत मी इंग्रजी ईमेल टाईप करते, आणि घरात औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद वाचायचं काम माझं.

दादाला पोलीस व्हायचं होतं. मैदानी परीक्षा तो पास झाला होता, लेखीही झाली होती, फक्त मेडिकल बाकी होतं. आणि दिसण्यापुरतं बोलायचं तर आमच्या कॉलनीत त्याच्यासारखा दुसरा कोणी नव्हता. दारातून आत येताना तो जरा तिरका होऊन यायचा. नाना त्याच्याकडे बघत राहायचे. नानांचे स्वतःचे पाय आजाराने काठीसारखे झालेले, आणि समोर हा मुलगा. पाहुणे आले की नाना म्हणायचे, "दंड दाखव रे जरा." दादा लाजत बाही वर करायचा. ते बघून नानांच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी माझ्या कुठल्याच निकालाच्या दिवशी पाहिलेलं नाही. म्हणून नानांपाशी मी कितीदा जाऊन उभी राहिले आणि पाणी हवंय का एवढंच विचारून परत आले.

दादाशी मात्र बोलले. आई आत भाकरी थापत होती. त्याच्या ताटात बिनमिठाचं उकडलेलं चिकन होतं.

"दादा, नानांच्या बाटलीतलं तू घेतोस ना?"

"हळू बोल."

मी हळूच बोलत होते.

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"मग मॅडम, आपण आपले ईमेल टाईप करा. मी दारू पितो का? गुटखा खातो का? चौकात उभा राहतो का? व्यायाम करतो. बठ्ठा जळगाव बिघडी गया आणि तुला मीच सापडलो?" चिडवताना तो असाच मध्येच आमच्या मामीसारखा अहिराणीत बोलायचा.

"पण तुला शुगर नाहीये."

"म्हणून तर मला चालतं."

ज्याला आजार नाही त्याला आजाराचं औषध बाधणार नाही, अशी त्यांची सगळ्यांचीच पक्की समजूत होती. अंगात साखर मुरली की स्नायू फुगतात, आणि ती मुरवायचं काम इन्सुलिन करतं, एवढं सरांनी शिकवलेलं. उरलेली साखर मेंदूला लागते, हे कोणी शिकवलेलं नव्हतं. ते एकमेकांना युनिट म्हणत नसत, काटे म्हणत. सिरिंजवरच्या बारीक रेघा म्हणजे काटे. अमका इतके काटे घेतो, तमका तितके. बाटली कुठली, हे कोणी विचारत नसे, कारण सगळे एकाच प्रकारची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज वापरत. दोन्हींवर चाळीसचा आकडा, म्हणजे एका मिलीत चाळीस युनिट. त्यामुळे काटा आणि युनिट एकच निघायचं आणि आतापर्यंत निभावलं होतं.

मग नानांच्या डॉक्टरांनी औषध बदललं. बाटली बंद, इन्सुलिन भरलेलं पेन सुरू. आधीचं एक पेन शंभरचं होतं. ते मानवेना म्हणून नवं तीनशेचं आलं. एका रविवारी दुपारी मी उरलेली बाटली आणि ती दोन्ही पेनं ओट्यावर एका ओळीत मांडली आणि कागद वाचायला बसले. तिन्हींतलं औषध लांबवालं, जास्त वेळ टिकणारं, आणि तिन्ही दिसायला सारखी, पाण्यासारखी. फरक दाटपणाचा. आई उन्हाळ्यात पन्ह्याचा गर करून बरणीत ठेवते. पेल्यात कालवलेलं पन्हं चमचाभर घेतलं काय आणि बरणीतला गर चमचाभर घेतला काय, चमचा तोच असतो. नानांना त्याची काळजी नव्हती, कारण पेन आपला हिशेब आपण करतं. नाना चकती फिरवून जो आकडा लावतील तेवढेच युनिट ते देतं. सिरिंजला हिशेब येत नाही. लाल टोपणाची सिरिंज पेनच्या रबरात खुपसून ओढली, तर एका काट्यात सात-साडेसात काट्यांचं औषध येणार. कागदावर जाड अक्षरांत तेच लिहिलं होतं, की या पेनमधून सिरिंजने औषध कधीही काढू नका. आणि त्याखाली असं की हे एका दिवसाहून जास्त टिकतं.

हळू चढतं म्हणजे हळूच उतरणार. त्या मुलांनी फक्त अर्धं ऐकलं होतं. झटकेवालं चुकलं तर थोड्या तासांत जे व्हायचं ते होतं. लांबवालं चुकलं तर माणूस साखर खाऊन उठून बसतो, हसतो, सगळे निर्धास्त होतात, आणि ते आत तसंच काम करत राहतं.

त्याच संध्याकाळी मी त्याला गाठलं. "दादा, नव्या पेनमधलं सिरिंजने काढू नकोस. दाट आहे ते."

"दाट?"

"म्हणजे कॉन्सन्ट्रेटेड. साडेसात पट."

त्याने फ्रिजमधून पेन काढून हलवून पाहिलं. "पाणी आहे निव्वळ. दाट म्हणे!" मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि पेनने घ्यायचं तर टिकटिक घरभर ऐकू जाते. नाना आकडा लावतात तेव्हा तुला तुझ्या खोलीत ऐकू येतं की नाही?"

येतं. रोज संध्याकाळी बातम्यांच्या आधी ती टिकटिक मला माझ्या खोलीत ऐकू येते. तेवढ्यात आई भाकरी घेऊन आली आणि बोलणं संपलं.

दादाची शरीरसौष्ठव स्पर्धा धुळ्याला होती. दादा आणि त्याचा मित्र आदल्या दिवशीच मोटरसायकलवर गेले आणि देवपुरात मामांकडे उतरले. आई आणि मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने निघालो. नानांना बस झेपत नव्हती. त्यांनी आईच्या हातात नारळ दिला आणि स्टेजवरचे फोटो लगेच पाठवायला मला बजावलं. पारोळ्याच्या पुढे आई म्हणाली, "बक्षीस मिळालं तर मेडिकलला वजन पडेल, नाही का?" मी मान हलवली.

मामांकडे पोचलो तेव्हा पुढच्या खोलीत जुनी चादर अंथरून दादा उघडा उभा होता आणि मित्र स्पंजने त्याच्या अंगाला तपकिरी रंग लावत होता. स्टेजच्या दिव्यांखाली स्नायू उठून दिसावेत म्हणून तो लावतात. मामी दारात पदर तोंडाला लावून हसत होती. "माय वं! पोरले भिंतना मायक सारवी राहिनात."

"मामी, हात लावू नको, कलर जाईल," दादा म्हणाला.

"मी कसाले लावू हात? तुन्ही बायको ई तिले लावू दे."

सगळे हसले. आईही हसली. मला तेव्हा वाटलं, की मीच विनाकारण काळजी करते.

जेवणं झाली. दादा जेवला नाही. स्टेजच्या आधी पाणीही बंद होतं. तो पंख्याखाली बसला होता. त्याच्या कपाळावरच्या रंगातून एक रेघ खाली आली, मग छातीवर दोन आल्या. मामा म्हणाले, "कलर पातळ झाला रे तुमचा." उकाड्यामुळे असेल असं सगळ्यांना वाटलं. मग दादाने आईला विचारलं, "बस आली का?"

"कुठली बस रे?"

"शाळेची," तो म्हणाला आणि बसल्या जागी एका कुशीवर कलला.

सगळ्यांत आधी हलला तो त्याचा मित्र. त्याने केळं सोलून कुस्करून दादाच्या तोंडात कोंबलं, ओरडून साखर मागितली. त्याला काय झालंय हे माहीत होतं, हे मला त्याच्या हातांच्या घाईवरून कळलं. मामीने साखरेचं पाणी आणलं. "उपाशी शे ना तो, काय खादं नही, काय पिदं नही," ती आईला समजावत होती. जरा वेळाने दादाने डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि ओशाळं हसला.

"काय पहिलवान," मामा म्हणाले, "शरीर लोखंडाचं आणि चालतं केळ्यावर?"

पुन्हा सगळे हसले. या वेळी जरा जास्तच मोठ्याने. आईने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "त्याच्या बॅगेत आणखी केळी असतील, आण."

बॅगेत रावेरची केळी होती, टॉवेल होता, आणि टॉवेलात गुंडाळलेलं नानांचं जादाचं पेन होतं. तीनशेचं. रबरावर बारीक भोकं पडलेली. शेजारी लाल टोपण.

मी ते पेन हातात धरून उभी असताना मित्र आत आला. त्याने दार लोटून घेतलं. "ताई, काही बोलू नका. मेडिकल बाकी आहे त्याचं. दवाखान्यात कागदावर आलं तर संपला तो."

"किती घेतलं?"

"नेहमीचेच काटे. जास्त नाही, आईशप्पथ. काल संध्याकाळी घेतलं, आता उतरलंच असेल."

नेहमीचेच काटे. मी त्याला सांगायला लागले, चाळीस, तीनशे, पन्ह्याचा गर, आणि माझी वाक्यं एकमेकांत अडकली. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्याला एवढंच कळतंय, की मी घाबरले आहे. तेवढ्यात बाहेरून आईची किंकाळी आली. दादा दुसऱ्यांदा बेशुद्ध पडला होता. या वेळी त्याचे दात घट्ट बसले होते आणि साखरेचं पाणी ओठांच्या कडेने रंगावरून वाहत होतं.

रिक्षाने त्याला जवळच्या दवाखान्यात नेलं. मी ते पेन माझ्या पर्समध्ये टाकलं होतं.

नर्सला शीर सापडेना. ती कापसाने त्याचा दंड पुसत होती आणि एकेक बोळा तपकिरी होऊन ट्रेमध्ये पडत होता. माणूस पांढरा पडलाय की नाही हे बघायलाही तिला आधी त्याला धुवावं लागलं. पुसलेल्या जागेत त्याची खरी कातडी दिसली. फिकट, आमच्या दोघांचीही आहे तशी. सलाईनमधून साखर गेली आणि तो परत आला. डॉक्टरांनी विचारलं, काही औषध, पावडर, इंजेक्शन वगैरे?

"छे छे," मामा म्हणाले. मित्राने त्यांना तोवर रिक्षातच काहीतरी सांगितलं असणार, कारण ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "स्टेजसाठी उपाशी होता, साहेब. पाणीसुद्धा बंद."

"माझा मुलगा सुपारीसुद्धा खात नाही हो," आई म्हणाली. तिला खरंच काही माहीत नव्हतं.

दादाने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पर्सकडे. आणि मान अगदी किंचित, कोणाला दिसणार नाही इतकी, डावीउजवीकडे हलवली. लहानपणी काचेचं काही फुटलं की तो अशीच मान हलवायचा, आणि मी कधी सांगितलेलं नाही.

पुढचं इथेच सांगून टाकते. तो जिवंत आहे. दुसऱ्या दिवशीही सलाईन चालू असतानाच त्याची शुगर पुन्हा कोसळली होती, हे त्या खोलीतल्या सगळ्यांनी पाहिलं आणि नंतर कोणीही त्याचा उल्लेख केला नाही. पोलीस भरतीचं पुढे काही झालं नाही. मित्राने आमच्याकडे यायचं सोडलं, मामांचे फोन कमी झाले. आई एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "तू त्या दिवशी गप्प राहिली असतीस तर पोरगा आज खाकीत असता." तिला समजावून सांगायचा मी पुष्कळदा प्रयत्न केला. तिला आकडे कळतात, पण पटत नाहीत. तिने त्याला हसून उठून बसताना पाहिलं आहे. नाना आता पेन स्वतःच्या कपाटात मातीच्या गार मडक्यात ठेवतात आणि कपाटाला कुलूप लावतात. दंड दाखव असं ते कोणासमोर म्हणत नाहीत. दादा माझ्याशी बोलत नाही. कधी कधी बोलता बोलता त्याला साधा शब्द आठवत नाही, आणि तो भिंतीकडे बघत थांबतो. जिमला जातो. दंड परत भरले आहेत. औषध तो कुठून आणतो ते मला माहीत नाही, पण त्याच्या खोलीत उशाशी केळी असतात आणि केर काढताना मला पलंगाखाली लाल टोपण सापडतं. मी ते उचलते, केरात टाकते. सकाळी त्याच्या दाराशी उभी राहून आत श्वासाचा आवाज येतोय का ते ऐकते आणि मग ऑफिसला जाते. एखाद्या सकाळी तो आवाज येणार नाही, याची मी जवळजवळ वाट बघते आहे, असं मला वाटतं.

म्हणजे बोलून काय झालं, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. तरी ते मी कसं बोलले तेवढं सांगते.

ऊन उतरलं होतं. डॉक्टर पुन्हा येऊन शुगर बघून गेले होते. "छान आली आहे. सलाईन संपलं की खायला द्या आणि घरी न्या. पुन्हा असले उपास नको." आईने देवाला हात जोडले. मामांनी विचारलं, "साहेब, संध्याकाळी स्टेजवर उभा राहू शकेल? लांबून आलेत हो सगळे." डॉक्टर हसून, बघा त्याला झेपलं तर, म्हणाले. दादा उठून बसला. मित्राने पिशवीतून रंगाची बाटली काढलीसुद्धा, आणि पुसल्या गेलेल्या दंडाकडे बघून तो म्हणाला, "एवढा टचअप मारू, कळणार पण नाही." दादाला हसू आलं. त्याचं कपाळ कोरडं होतं. खोलीतल्या प्रत्येकाला वाटत होतं की ते संपलं. माझ्या मांडीवर पर्स होती आणि मी मनात वाक्य लावत होते, आधी इंग्रजीत, मग मराठीत, मग कोणाचं नाव न येता कसं म्हणता येईल तसं. ते लागतच नव्हतं. दादा माझ्याकडेच बघत होता.

नर्स आली, तिने सलाईनची चकती बंद केली आणि त्याच्या हातावरची पट्टी सोडवायला घेतली. मी उभी राहिले. पेन काढून तिच्या ट्रेमध्ये, त्या तपकिरी बोळ्यांशेजारी ठेवलं.

"सुई काढू नका," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, इतका मोठा होता. "त्याने इन्सुलिन घेतलंय. हे, तीनशेवालं, चाळीसच्या सिरिंजने भरून. ते उद्यापर्यंत उतरत नाही. त्याला घरी नेलं तर तो झोपेत जाईल."